‘झुंड’चा उत्तरार्ध लांबतो, पण खरा सिनेमा तिथेच आहे

नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ 4 मार्च 2022ला थिएटरमध्ये आला, तेव्हा माझ्या ओळखीतल्या बहुतेकांची तक्रार एकच होती. पहिला भाग भारी, नंतर लांबतो. मॅच झाली, जिंकली, आता पुढे काय? जवळपास तीन तासांच्या सिनेमात मॅच मध्येच उरकून टाकायची आणि नंतर पासपोर्ट, दाखले, कोर्ट, पोलीस स्टेशन दाखवत बसायचं, हे खेळपटाच्या हिशोबात बसत नाही. ‘चक दे’ किंवा ‘लगान’ बघून तयार झालेल्या प्रेक्षकाला शेवटची मॅच शेवटीच हवी असते.

माझं म्हणणं उलट आहे. तरुण मुलांमधली हिंसा कशी थांबते यावरचं संशोधन वाचून हा सिनेमा परत पाहिला, तर पहिला भाग गोड पण अर्धवट वाटतो. जे काही शिकण्यासारखं आहे ते त्या रटाळ म्हटल्या गेलेल्या भागात आहे. आणि सिनेमा जिथे खरोखर कमी पडतो ती जागा तिसरीच आहे. तिच्याबद्दल फारसं कुणी बोललेलं नाही.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नागपुरात एका कॉलेजच्या भिंतीला लागून झोपडपट्टी आहे. तिथली पोरं चेन ओढतात, मालगाडीतला कोळसा उतरवतात, नशा करतात. त्यांचा म्होरक्या अंकुश उर्फ डॉन, म्हणजे अंकुश गेडाम. निवृत्तीला आलेले क्रीडाशिक्षक विजय बोराडे (अमिताभ बच्चन) या पोरांना पावसात प्लॅस्टिकचा डबा लाथाडत खेळताना बघतात आणि त्यांना फुटबॉल देतात. गोष्टीचा आधार खरा आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमधले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001च्या सुमारास सुरू केलेलं काम पुढे ‘स्लम सॉकर’ या नावाने देशभर गेलं.

आता पहिल्या भागातली ती प्रसिद्ध युक्ती घेऊ. बोराडे सर मुलांना अर्धा तास खेळायचे पाचशे रुपये देतात. रोज देतात. मग एक दिवस म्हणतात, आज पैसे नाहीत. तोपर्यंत पोरांना खेळाची चटक लागलेली असते, ती फुकट खेळायला तयार होतात. थिएटरात इथे लोक हसतात, कारण सरांनी पोरांना बरोबर ‘बनवलेलं’ असतं.

मला या जागी शिकागोचा एक अभ्यास आठवतो. सारा हेलर यांचा तो पेपर 2014 साली ‘सायन्स’मध्ये आला होता. शहरातल्या जास्त हिंसाचार असलेल्या भागांतल्या 13 शाळांमधली 1,634 मुलं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. काहींना उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ आठवड्यांची अर्धवेळ नोकरी दिली, पगारासकट. सोबत एक मोठा माणूस, काम जमतंय का, वेळेवर येतोयस का हे बघणारा. उरलेल्यांना काही दिलं नाही. पुढच्या 16 महिन्यांत नोकरी मिळालेल्या मुलांच्या हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका 43 टक्क्यांनी कमी होत्या. गंमत अशी की घट मुख्यतः नोकरी संपल्यानंतर दिसली. म्हणजे ‘कामात अडकला म्हणून भांडला नाही’ एवढं साधं उत्तर पुरत नाही. आठ आठवड्यांत त्या मुलाच्या वागण्यात काहीतरी बसलं आणि ते टिकलं.

या नजरेने पाहिलं तर पाचशे रुपये ही युक्ती राहत नाही. रोज ठरल्या वेळी येणारा माणूस, ठरलेलं काम, त्याचा ठरलेला मोबदला, हे तिन्ही एकत्र आलं आणि ते आल्यामुळेच पोरं टिकली. म्हणून पैसे बंद होण्याचा प्रसंग मला विजयासारखा वाटत नाही. ज्याच्या घरची चूल त्याच्या कचरा वेचण्यावर चालते तो पोरगा दुसऱ्या दिवशी मैदानावर येणार की भंगारवाल्याकडे जाणार? सिनेमात सगळेच येतात. प्रत्यक्षात कोण गळतं हा प्रतिबंधाच्या कामातला सगळ्यात अवघड प्रश्न असतो, आणि गळणारा बहुतेकदा तोच असतो ज्याच्यासाठी तुम्ही हे सगळं सुरू केलेलं असतं. इथे सिनेमाने सोपी वाट घेतली.

मग येते ती मॅच. एका बाजूला कॉलेजची टीम, बूट-मोजे-जर्सी. दुसऱ्या बाजूला झोपडपट्टीची टीम, जे मिळेल ते घालून. मंजुळेंनी ती फार छान रंगवली आहे, मीही शिट्टी मारली, खोटं कशाला बोलू. पण खेळामुळे दरी मिटते असं आपण जे सहज म्हणतो त्यावर आपल्याच देशातला एक अभ्यास आहे. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशात क्रिकेटच्या आठ लीग भरवल्या, तरुण पुरुष खेळाडू, वेगवेगळ्या जातींचे. कोण एकजातीय टीममध्ये जाणार, कोण मिश्र टीममध्ये आणि कोण कोणाविरुद्ध खेळणार, हे सगळं नशिबावर सोडलं. 2021ला ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये निष्कर्ष आले. एकाच टीममध्ये खेळलेल्यांच्या दुसऱ्या जातीतल्या मैत्र्या वाढल्या. समोरासमोर खेळलेल्यांच्या बाबतीत चित्र साधारण उलटं होतं.

लो यांनी मैत्री, पक्षपात, व्यवहार या गोष्टी मोजल्या, मारामाऱ्या नाहीत. तेव्हा त्यातून हिंसेबद्दल थेट काही काढू नये. पण ‘झुंड’ची मॅच ही समोरासमोरची मॅच आहे. भिंतीच्या अलीकडचे विरुद्ध पलीकडचे. झोपडपट्टीची टीम जिंकल्याने पोरांची स्वतःकडे बघायची नजर बदलते, हे खरं आहे आणि मोठं आहे. भिंत मात्र तिथेच राहते. कॉलेजचा एकही मुलगा पुढच्या सिनेमात अंकुशच्या बाजूने उभा राहिलेला मला आठवत नाही. मंजुळेंना हे कळत होतं असं मला वाटतं, कारण त्यांनी मॅचवर सिनेमा संपवला नाही. भिंतीवर चढू नये अशी सूचना शेवटपर्यंत आपल्याला दिसत राहते.

इथे थोडं विषयांतर करते, कारण ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वाईट वळणावरच्या पोरांना एकत्र करून काहीतरी चांगलं करायला लावू, ही कल्पना इतकी सरळ वाटते की तिच्यात धोका असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. अमेरिकेत बोस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत 1939 ते 1945 दरम्यान 506 मुलांवर एक प्रयोग झाला. सारखी मुलं शोधून जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला घरी येणारा समुपदेशक, शिकवणी, दवाखाना, उन्हाळी शिबिर असं सगळं दिलं, दुसऱ्याला काही नाही. तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड यांनी ती माणसं शोधून काढली. मदत मिळालेल्यांपैकी बऱ्याच जणांनी सांगितलं की आम्हाला खूप फायदा झाला. आकडे मात्र वेगळं सांगत होते. पुन्हा पुन्हा गुन्हे, दारू, लवकर मृत्यू, अशा कित्येक बाबतींत मदत मिळालेला गट जास्त वाईट अवस्थेत होता. पुढे थॉमस डिशियन यांच्यासोबत 1999 साली केलेल्या मांडणीत दिसलं की नुकसान प्रामुख्याने एकापेक्षा जास्त वेळा शिबिराला गेलेल्या मुलांचं झालं होतं. शिबिरात काय होतं? पोरं एकत्र झोपतात, गप्पा मारतात, कोणी काय राडा केला ते सांगतात, बाकीचे हसतात. ते हसू म्हणजे बक्षीस. डिशियन यांनी पोरांच्या गप्पा रेकॉर्ड करून हेच तपासलं होतं: नियम मोडल्याच्या गोष्टीला मित्र हसतात की नाही, यावरून पुढचं वागणं बरंचसं कळतं.

म्हणजे डॉनची अख्खी गँग उचलून तिची फुटबॉल टीम करणं हे कागदावर चांगलंच धोक्याचं काम आहे. मग ते सिनेमात पटतं का? मला पटलं, आणि ते पटतं एका शांत प्रसंगामुळे. मुलं सरांच्या घरी बसून एकेक करून आपली गोष्ट सांगतात. कॅमेरा हलत नाही फारसा, पार्श्वसंगीताने डोळ्यांत पाणी आणायचा आटापिटा नाही. मोठी माणसं ऐकतायत. मुलं बोलतायत ती घराबद्दल. त्याच पोरांचा तोच घोळका, पण घोळक्यात कशाला दाद मिळते ते बदललं. बोराडे सरांनी फुटबॉलपेक्षा मोठी कुठली गोष्ट केली असेल तर ती ही. पण पोस्टरवर फुटबॉलच येणार, त्याला इलाज नाही.

आता त्या कंटाळवाण्या भागाकडे.

बेघरांच्या वर्ल्ड कपला (ही स्पर्धा 2003 साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात सुरू झाली, सिनेमाने ती कल्पिलेली नाही) जायचं तर पासपोर्ट लागणार. मोनिका (रिंकू राजगुरू) आणि तिचे वडील एका दारातून दुसऱ्या दारात फिरतात, कारण आपण आपणच आहोत हे सांगणारा कागद त्यांच्याकडे नाही. दुसरीकडे अंकुशकडे उलटा प्रश्न. त्याच्याबद्दलचे कागद जरा जास्तच आहेत, सगळे पोलीस स्टेशनात. संभ्याशी (आकाश ठोसर) त्याचं वैर असतं, तो टाळू बघतो, आणि तरी पुन्हा मारामारी, पुन्हा केस.

हे बघताना शेजारची सीट चुळबुळ करते. पण कायदा बघा. पासपोर्ट कायदा 1967, कलम 6 पोटकलम 2: अर्जदारावर भारतातल्या फौजदारी कोर्टात खटला चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. 25 ऑगस्ट 1993च्या अधिसूचनेने त्यातून एक वाट ठेवली आहे: ज्या कोर्टात खटला आहे त्या कोर्टाची परदेशी जायची परवानगी आणा. म्हणून बोराडे सर कोर्टात जातात. तो मेलोड्रामासाठी घातलेला प्रसंग नाही, ती प्रक्रियाच तशी आहे. आणि ही प्रक्रिया झोपडपट्टीतल्या किती पोरांना ठाऊक असते? वकील कोण देणार, तारखेला रोजंदारी बुडवून कोण जाणार?

अठराच्या आतल्या मुलाला थोडं संरक्षण आहे. बाल न्याय कायदा 2015चं कलम 24 सांगतं की या कायद्याखाली ज्याचं प्रकरण हाताळलं गेलं, त्या मुलाला त्या गुन्ह्यापायी पुढे कोणती अपात्रता लागू नये (सोळा ते अठरामधल्या गंभीर गुन्ह्यांच्या काही प्रकरणांना अपवाद आहे). अठरा पूर्ण झाले की दुसऱ्या दिवसापासून हे संपलं. चेन ओढणारा सतरा वर्षांचा आणि अठरा वर्षे एक महिन्याचा, मेंदू तोच, मित्र तेच, गल्ली तीच.

मारामारी सोडायची हे अंकुशने ठरवलेलं असतं. त्याच्या मनात काय आहे यावर आता प्रश्न नाही. तरी जुनी केस, जुना शत्रू आणि जुना पत्ता त्याला मागे ओढतात, आणि तिथून काढायला एकटा प्रशिक्षक पुरत नाही. पोलीस, कोर्ट, पासपोर्ट ऑफिस, शेजारी, दाखला देणारा, सगळ्यांनी आपापला छोटा तुकडा करावा लागतो. एकाने हात वर केले की साखळी तुटते. सामूहिक सहकार्य हा शब्द सेमिनारमध्ये ऐकला की मला जांभई येते. ‘झुंड’मध्ये तो शब्द कुठे नाही, पण एका सहीसाठी चार खेपा मारणारा बाप दिसतो, आणि त्यात तो शब्द काय आहे ते कळतं. हे रटाळ वाटतं कारण ते रटाळच असतं. मंजुळेंनी त्याची लांबी कापली असती तर खोटं बोलले असते.

इतकं कौतुक केल्यावर तक्रार. कोर्टातलं बोराडे सरांचं भाषण. बच्चनचा आवाज, शांत कोर्ट, भिंतीपलीकडच्या भारताबद्दलचं बोलणं. चांगलं लिहिलंय. पण ज्याचा खटला तो गप्प उभा आहे आणि त्याच्या वतीने बोलतोय सिनेमातला सगळ्यात मोठा स्टार. सगळ्या वाटा बोराडे सरांमधून जातात. देणगी त्यांच्यामुळे, परवानगी त्यांच्यामुळे, घरच्यांचा त्याग त्यांच्यासाठी. उद्या सर आजारी पडले तर?

प्रत्यक्षात विजय बारसेंचं काम टिकलं ते त्याची संस्था झाली म्हणून. पुढची पिढी आली, मुलींसाठी वेगळे कार्यक्रम सुरू झाले, खेळाडूंमधून प्रशिक्षक तयार झाले, 2016चा फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. वीस वर्षांचं ते कंटाळवाणं, हिशोब ठेवणारं काम सिनेमात नाही. एका माणसाची गोष्ट सांगणं सोपं, म्हणून सगळे तीच सांगतात. इथे मंजुळेही वेगळे नाहीत.

आणि वस्ती स्वतः? रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी 1997 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिकागोच्या 343 वस्त्यांमधल्या 8,782 रहिवाशांना विचारलं होतं: गल्लीत पोरं शाळा बुडवून बसलेली दिसली तर शेजारी काही बोलतील का? मारामारी झाली तर कोणी मध्ये पडेल का? लोकांचा एकमेकांवर भरवसा आहे का? जिथे उत्तरं ‘हो’कडे झुकली तिथे हिंसा कमी होती, गरिबी वगैरे हिशोबात धरूनसुद्धा. हा एका वेळचा सर्व्हे आहे, त्यावरून कारण-परिणाम ठामपणे म्हणता येत नाही. पण प्रश्न नेमका आहे: बाहेरचा तारणहार नाही, तर गल्लीतली माणसं काय करतात?

‘झुंड’मध्ये याचं उत्तर आहे, आणि दिग्दर्शकानेच ते दाखवलंय. आंबेडकर जयंतीचा प्रसंग. अजय-अतुलचं गाणं, नाचणारी पोरं, बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर उभा बच्चन. हिंदी सिनेमात हे असं दिसणं किती उशिरा झालं यावर पुष्कळ लिहिलं गेलंय आणि ते योग्यच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. जयंती कुणी बाहेरून येऊन काढून देत नाही. वर्गणी, परवानगी, मंडप, मिरवणुकीचा रस्ता, जेवण, भांडण झालं तर कोणी मध्ये पडायचं, हे सगळं वस्तीच करते, वर्षानुवर्षं, आणि पोरांनाच त्यात राबवते. सॅम्पसन ज्याला मोजायला निघाले ती गोष्ट तिथे ढोल वाजवत उभी आहे. पण पटकथेत जयंती एकीकडे आणि फुटबॉल दुसरीकडे. जयंतीचे पदाधिकारी टीमच्या बैठकीत कधी बसत नाहीत. अंकुशच्या जामिनासाठी धावपळ करताना वस्तीतली म्हातारीकोतारी कुठे असतात? एवढी मोठी ताकद गाण्यापुरती वापरून सोडून दिली, ही माझी या सिनेमाबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार.

पनवेलमध्ये राहणाऱ्याला हे लगेच कळावं. उरण नाक्यापासून कामोठे-खारघरपर्यंत दहीहंडीच्या आधी महिना-दोन महिने गोविंदा पथकांचा सराव चालतो. चौदाच्या पुढची पोरं, रोज रात्री, एकमेकांच्या खांद्यावर. खालच्या थरातला कुणाला नीट ओळखत नसला तरी वरचा पडला तर तोच झेलणार असतो. एकाच टीममध्ये असणं म्हणजे काय हे लो यांच्या लीगपेक्षा इथे जास्त दिसतं. या पथकांना आपण डीजे आणि ट्रॅफिकच्या तक्रारीतच आठवतो, किंवा टी-शर्टवर फोटो छापायला. सराव संपल्यावर त्या पोरांचं उरलेल्या दहा महिन्यांत काय होतं, हे कुणी विचारत नाही, मोजणं तर दूरच.

कारण आपली सवय घटना घडल्यावर बोलायची. 2022-23पासून पुण्याच्या बातम्यांत ‘कोयता गँग’ रोजची झाली. आरोपींची त्याच गल्लीतून धिंड काढल्याचे व्हिडिओ आले, खाली लोकांच्या टाळ्या. आरोपी अठराच्या आतला असेल तर त्याची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम 74ची मनाई आहे, ही झाली कायद्याची बाजू. संशोधनाची बाजू अशी की भीती दाखवून सुधारणा होते का, हे अमेरिकेत चांगलं तपासलं गेलंय. पोरांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून दरडवायचे ते कार्यक्रम. अँथनी पेट्रोसिनो यांनी असे नऊ प्रयोग एकत्र केले, तर भीती दाखवलेल्या मुलांनी नंतर जास्त गुन्हे केलेले निघाले. धिंड आणि तुरुंगभेट एकच नव्हे, मान्य. पण संभ्यासमोर मान खाली घालावी लागलेला अंकुश ज्याने पाहिलाय त्याला चारचौघांतल्या अपमानाचं काय होतं हे वेगळं सांगायची गरज नाही. सिनेमातली हिंसा बहुतेकदा तिथूनच सुरू होते.

मुलींबद्दल मात्र सिनेमा घाईत आहे. रझियासारखी बाई, संसाराचे धिंडवडे निघालेली, मुलं पदरात, मैदानात उतरते, आणि आपल्याला तिच्याबद्दल जेमतेम दहा मिनिटं मिळतात. तिच्यावर होणारी हिंसाही हिंसाच आहे. बहुतेक ‘युवक हिंसा’ संशोधनातही ती बाहेरच राहते, त्यामुळे एकट्या मंजुळेंना काय बोलणार.

शेवटाला वर्ल्ड कपची मॅच आपल्याला दिसतच नाही. सिनेमा संपतो विमानतळावर. आता आपल्या पनवेलच्या कुशीतच विमानतळ झालाय, त्यामुळे सामानाचा पट्टा, मेटल डिटेक्टरची चौकट, खिसे रिकामे करा म्हणणारा जवान हे कुणाला नवीन नाही. अंकुश त्या चौकटीतून जातो तेव्हा त्याच्या खिशात काय निघतं ते सांगत नाही, बघा. फक्त त्या वेळी त्याच्या चेहऱ्याबरोबरच तपासणाऱ्या जवानाकडेही लक्ष ठेवा. त्या रांगेत तोही आहे, आणि त्या दोन मिनिटांत पुढचं बरंचसं त्याच्या हातात असतं.